"माह्या वावरातून साठ मीटर काऊन?" : रेल्वेचा सर्व्हे आणि हायवेचा सर्व्हे

बरीच वर्षं मी लाइन सर्व्हेच्या कामात आहे. लाइन सर्व्हे म्हणजे रेल्वे, हायवे, कालवा, पाइपलाइन, असं लांबच्या लांब जाणारं जे काही असतं त्याची मोजणी. काम जास्त विदर्भात आणि मराठवाड्यात. नातेवाइकांपासून ते ज्यांच्या शेतात ट्रायपॉड रोवतो त्या मंडळींपर्यंत सगळे मला एकच विचारतात, की मशीन तेच, पोरं तीच, चुना तोच, खुंट्या पण तशाच, मग रेल्वेच्या आणि हायवेच्या मोजणीत वेगळं काय असतं? दोन वाक्यात सांगून होत नाही म्हणून आज नीट लिहायला घेतलंय. या फरकावर लोकांच्या जमिनी ठरतात, आणि ज्याची जमीन जाते त्यालाच तो कुणी बसून समजावत नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. रेल्वेची रेघ उंचीवर ठरते, आणि हायवेची रेघ आधीपासून जमिनीवर काय काय आहे त्यावर ठरते. बाकीचे सगळे फरक, किती रुंद पट्टा जाणार, स्टेशन गावाबाहेर का, शेताचे दोन तुकडे का, रुळाखालच्या रस्त्यात पाणी का, हे त्यातूनच निघतात.

उदाहरण आपल्याकडचंच घेऊ. वर्धा ते नांदेड. नागपूर-तुळजापूर हायवे, म्हणजे राष्ट्रीय महामार्ग ३६१, वर्धा, कळंब, यवतमाळ, मग आर्णी, महागाव, उमरखेड, हदगाव करत नांदेडकडे जातो. आणि वर्धा-नांदेड नवीन रेल्वेमार्ग, साधारण २८४ किलोमीटरचा, तो वर्धा, देवळी, कळंब, यवतमाळपर्यंत हायवेच्या अंगाअंगानेच येतो पण यवतमाळनंतर आर्णीला न जाता दारव्हा, दिग्रस, पुसद असा जातो आणि उमरखेडला परत हायवेला भेटतो. दोघांनाही जायचंय एकाच गावाला. रस्ते वेगळे होण्यात अर्थातच कुठली गावं जोडायची हा मुद्दा असतो, दारव्ह्याला तर जुनी शकुंतला होतीच, यवतमाळ-मूर्तिजापूरची छोटी गाडी, ७६२ मिलिमीटर गेजची. पण एकदा गावं ठरली की पुढचं सगळं जमिनीचा चढ-उतार ठरवतो. यवतमाळ वर्ध्यापेक्षा दीड-दोनशे मीटरने उंच आहे. कळंब सोडलं की गाडीत बसल्या बसल्या कळतं की आपण वर चढतोय. हायवेला त्याचं फार काही वाटत नाही, रेल्वेला फार वाटतं.

का ते बघा. लोखंडी चाक लोखंडी रुळावर. घर्षण कमी म्हणून तर एक इंजिन हजारो टन ओढतं, पण त्याच कारणाने चढावर ते लगेच हतबल होतं. हायवेला सपाट आणि उंचसखल भागात ३.३ टक्के, म्हणजे तीस मीटरला एक मीटर चढ, सहज चालतो, डोंगरात पाच-सहा टक्क्यांपर्यंत जातात. रेल्वेचं चांगलं उदाहरण म्हणजे कोकण रेल्वे, तिथे रुलिंग ग्रेडियंट, म्हणजे जास्तीत जास्त धरलेला चढ, दीडशेला एक. म्हणजे तीस मीटर उंची चढायची तर हायवेला नऊशे मीटर पुरतात आणि रेल्वेला साडेचार किलोमीटर लागतात. हा आकडा डोक्यात ठेवून समोरच्या डोंगराकडे बघितलं की रेल्वेची अलाइनमेंट, म्हणजे जायची रेघ, अशी विचित्र फिरल्यासारखी का दिसते ते समजायला लागतं.

बरं, तेवढ्यावर भागत नाही. वळणावर गाडीला रुळाचा जास्त विरोध होतो, म्हणून वळण असेल तिथे चढ अजून कमी करावा लागतो. याला आम्ही कर्व्ह कॉम्पेन्सेशन म्हणतो. ब्रॉडगेजवर दर डिग्रीला ०.०४ टक्के. एक डिग्रीचं वळण म्हणजे १७५० मीटर त्रिज्या, दोन डिग्रीचं म्हणजे ८७५ मीटर. तर दीडशेला एक म्हणजे ०.६६७ टक्के, त्यातून दोन डिग्रीच्या वळणाचे ०.०८ गेले, राहिले ०.५८७, म्हणजे जवळपास १७० ला एक. आता तुम्ही म्हणाल एवढा बारीक फरक कोण बघतो. पण किलोमीटरभर लांबीच्या वळणावर हा फरक ८० सेंटिमीटर होतो, आणि ८० सेंटिमीटर उंची पुढे कुठेतरी भरून काढायची म्हणजे पुढचा भराव तेवढा उंच, त्याचा पायथा तेवढा रुंद, आणि कुणाचं तरी शेत तेवढं जास्त.

हायवेवाल्याला वळणाचं टेन्शन वेगळ्या प्रकारचं असतं. चारपदरी हायवेला सपाट भागात चारशे मीटर त्रिज्येचं वळण चालून जातं, कोकण रेल्वेने कमीत कमी १२५० मीटर धरलं. त्यामुळे हायवे एखादं मंदिर, एखादी विहीर, एखादं दहा घरांचं वस्तीचं टोक चुकवून जाऊ शकतो. रेल्वेला समोर विहीर दिसली म्हणून वळता येत नाही. तिला ती विहीर चुकवायची तर मागे दोन-तीन किलोमीटरवरूनच वळायला सुरुवात करावी लागते, आणि तिथे दुसऱ्या कुणाची तरी विहीर असते.

कोकणातच हे सगळ्यात स्वच्छ दिसतं. मुंबई-गोवा हायवे कशेडी घाट, परशुराम घाट असा चढत उतरत गेला, शंभर वळणं घेत गेला (आता कशेडीला बोगदा झाला ती गोष्ट वेगळी), आणि त्याच पट्ट्यात रोह्यापासून खाली मंगळुरूजवळच्या ठोकूरपर्यंत गेलेल्या कोकण रेल्वेला नव्वदच्या वर बोगदे, कारबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा, रत्नागिरीजवळ पानवलचा ६४ मीटर उंच पूल हे सगळं करावं लागलं. डोंगर चढता येत नाही म्हणून डोंगरातून, दरी उतरता येत नाही म्हणून दरीवरून. १८६३ ला बोरघाट उघडला तेव्हा तिथे सदतिसाला एक चढ स्वीकारला होता आणि आज एवढ्या वर्षांनीही कर्जत ते लोणावळा गाडीला मागून बँकर इंजिन लावावं लागतं. एकदा चढ स्वीकारला की तो कायमचा गळ्यात पडतो. फायनल लोकेशन सर्व्हेला, म्हणजे रेघ शेवटची पक्की करणाऱ्या मोजणीला, रेल्वेत एवढं महत्त्व का, तर यासाठी.

तुम्ही कधी लक्ष दिलंय का, स्टेशनच्या पिवळ्या बोर्डवर गावाच्या नावाखाली समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते. हायवेच्या दगडावर फक्त अंतर. रुळाच्या कडेने चालत गेलात तर छोटे ग्रेडियंट पोस्ट दिसतील, चढ-उताराचे आकडे लिहिलेले, आणि सपाट असेल तिकडच्या हातावर एल, म्हणजे लेव्हल. मला ते बघायला अजूनही आवडतं, कारण त्या प्रत्येक आकड्यामागे कुणीतरी उन्हात ऑटो लेव्हल (उंची मोजायची दुर्बीण) घेऊन केलेलं काम आहे.

आता लेव्हलचं, म्हणजे उंची मोजायचं काम. हे थोडं सविस्तर सांगतो कारण बाहेरच्या लोकांना वाटतं आता डीजीपीएस (सॅटेलाइटवरून अचूक जागा सांगणारं मशीन) आलं, सगळं सॅटेलाइटने होतं. प्लॅनमधली जागा सॅटेलाइटने छान येते, सेंटिमीटरमध्ये येते. उंचीचं तसं नाही. सॅटेलाइट जी उंची देतो ती पृथ्वीच्या एका गणिती आकारापासून, समुद्रसपाटीपासून नाही, आणि आपल्या भागात या दोन्हीत पन्नास मीटरपेक्षा जास्त तफावत आहे, ती सुद्धा सगळीकडे सारखी नाही, पुढे पुढे बदलत जाते. पाणी मात्र सॅटेलाइट बघून वाहत नाही. म्हणून सर्व्हे ऑफ इंडियाच्या बेंचमार्कपासून, म्हणजे उंची पक्की माहीत असलेल्या खुणेपासून, लेव्हल उचलून आणायची आणि पूर्ण लाइनवर दोनदा, जाताना आणि येताना, चालवायची. या दर्जाच्या मोजणीत, म्हणजे टर्शरी लेव्हलिंगमध्ये, चालणाऱ्या चुकीची मर्यादा म्हणजे किलोमीटरच्या वर्गमूळाला बाराने गुणायचं, जे येईल तेवढे मिलिमीटर. चार किलोमीटरला चोवीस मिलिमीटर. त्याच्या बाहेर गेलं की परत.

आणि हे करायचं काळ्या जमिनीत. यवतमाळ, हिंगोली, नांदेडची काळी कापसाची माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात अशी तडकते की भेगेत आख्खा हात जातो. तिच्यात आज बसवलेला सिमेंटचा खांब दिवाळीत एका उंचीला आणि जूनमध्ये दुसऱ्या उंचीला. म्हणून टीबीएम, म्हणजे आमचा तात्पुरता बेंचमार्क, कधी शेतात नाही करायचा. जुन्या पुलाचा कठडा, देवळाचं दगडी जोतं, शाळेच्या पायरीचा कोपरा असं काहीतरी शोधायचं, आणि तसं काहीच नसेल तर खाली मुरूम लागेपर्यंत खोदून खांब भरायचा. दुपारी अकरानंतर जमिनीवर हवा अशी थरथरते की स्टाफवरचे (उंची वाचायच्या उभ्या पट्टीवरचे) आकडे नाचायला लागतात, ५ का ६ कळत नाही. म्हणून पहाटे निघायचं, अकराला थांबायचं, चारनंतर परत. स्टाफ धरणारा पोरगा सरळ उभा राहिला पाहिजे, स्टाफ पुढेमागे कलला की रीडिंग जास्त येतं आणि ते वहीत बसतं ते तसंच शेवटपर्यंत जातं. माझ्या मते चांगल्या सर्व्हे टीमची ओळख महाग मशीन नाही, चांगला स्टाफमन आहे.

हायवेच्या कामात लेव्हल नसते असं नाही, बेंचमार्क तर दर अडीचशे मीटरला करतात, क्रॉस सेक्शन, म्हणजे रस्त्याचा आडवा छेद, सपाट भागात पन्नास मीटरला आणि डोंगरात वीस मीटरला घेतात. पण हायवेचा जीव तिथे नसतो. बहुतेक हायवे म्हणजे जुना रस्ता रुंद करणं, आणि जुना रस्ता म्हणजे त्याच्या दोन्ही बाजूला शंभर वर्षांत जमलेलं सगळं. डांबराची कड, साइडपट्टी, गटार, मोरी, विजेचे खांब, पाण्याची लाइन, ऑप्टिकल फायबर, कडुनिंब आणि वडाची झाडं (प्रत्येक झाडाचा घेर मोजायचा), पेट्रोलपंप, बसस्टॉप, पुतळा, दर्गा, टपऱ्या, घराच्या पायऱ्या. टोटल स्टेशनवर (कोन आणि अंतर मोजणाऱ्या मशीनवर) पॉइंट घेता घेता हात दुखतात. वर ट्रॅफिकचे सर्व्हे वेगळेच, सात दिवस रस्त्यावर बसून गाड्या मोजणं, ट्रक थांबवून एक्सलवर किती वजन आहे ते बघणं, कुठून आले कुठे चालले ते विचारणं.

आणि हायवेच्या गावातलं भांडण ठरलेलं असतं: डावीकडे वाढवायचा की उजवीकडे, की दोन्हीकडे सारखा. सेंटरलाइन, म्हणजे रस्त्याची मधली रेघ, तीन मीटर सरकली तर एका बाजूची दुकानांची ओळ वाचते आणि दुसऱ्या बाजूची जाते. सर्व्हेवाला गावात आला की चहा पाजणारे पण भेटतात आणि टेप ओढून घेणारे पण. मग बायपास काढायचा ठरतो आणि गावाबाहेरच्या शेतकऱ्याला एके दिवशी कळतं की गावातला प्रश्न आपल्या शेतात आला.

आता ज्या वाक्याचं शीर्षक केलंय त्याकडे येतो. रेल्वेच्या एका मोजणीत दारव्ह्याकडच्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने मला विचारलं होतं, "काऊन जी साहेब, मोठ्या भावाच्या वावरातून पंचवीस मीटर अन् माह्या वावरातून साठ मीटर काऊन?" आवाजात राग होता आणि राग येणारच. दोन भावांची वावरं एकाच धुऱ्याला लागून, रेल्वे एकच, आणि पट्टा एकाचा अडीचपट. त्याला वाटलं मोठ्या भावाने कुठेतरी वशिला लावला. त्यांचं आपसात बोलणं बंद व्हायची वेळ आली होती.

त्याचं उत्तर एल-सेक्शनमध्ये होतं, म्हणजे लाइनचा उभा छेद. ब्रॉडगेज सिंगल लाइनला वरची फॉर्मेशनची, म्हणजे रूळ ज्यावर बसतो त्या मातीच्या माथ्याची, रुंदी ७.८५ मीटर. भरावाच्या दोन्ही बाजूला दोनास एक उतार, म्हणजे एक मीटर उंचीला दोन मीटर बाहेर. भराव दोन मीटर उंच असेल तर पायथा ७.८५ अधिक ८, सोळा मीटरच्या आसपास. भराव दहा मीटर उंच असेल तर ७.८५ अधिक ४०, अठ्ठेचाळीस मीटर. वर दोन्ही बाजूला नाली, कुंपण, दुरुस्तीला जायची जागा. मोठ्या भावाचं वावर उंचवट्यावर होतं, तिथे रूळ जमिनीच्या जवळून जात होता. धाकट्याचं वावर नाल्याच्या उतरणीला, जमीन खाली गेली पण रेल्वे खाली जाऊ शकत नाही, म्हणून तिथे भराव उंच. मी ट्रायपॉड बाजूला ठेवला, काठीने मातीत दोन्ही वावरांचा छेद काढला, वर रुळाची सरळ रेघ मारली आणि सांगितलं, "बाबाजी, ही रेघ वाकत नाही, तुमची जमीन खाली गेली म्हणून पाया पसरला." बराच वेळ त्यांनी त्या चित्राकडे पाहिलं, स्वतःच्या पायाने नाल्याच्या बाजूची उतरण परत दाखवली, अन् म्हणाले, "हे अगोदर सांगत जा ना जी."

तेच माझंही म्हणणं आहे. हे आधी सांगायला काही लागत नाही. हायवेला असा प्रश्न कमी येतो कारण तिथे चारपदरीला साधारण ६० मीटरचा पट्टा सरसकट धरतात, जमीन वर असो की खाली, आणि सगळ्यांचा सारखा जातो म्हणून निदान शेजाऱ्यावर संशय येत नाही. रेल्वेचा जमिनीचा नकाशा करवतीच्या पात्यासारखा असतो, शंभर मीटर लांबीत अरुंद, मग रुंद, मग परत अरुंद. तो नकाशा एल-सेक्शनशिवाय दाखवला तर कुणालाही वाटणार की काहीतरी गडबड आहे.

दुसरा मोठा फरक म्हणजे जमीन गेल्यानंतर काय उरतं. हायवेच्या कडेची जमीन उरली तर तिला रस्ता लागतो, भाव येतो, ढाबा टाकता येतो, निदान माल बाहेर काढता येतो. रेल्वेच्या कडेची जमीन उरली तर तिला भिंत लागते. शेताच्या मधून दहा मीटर उंच भराव गेला की विहीर एका बाजूला आणि ओलिताचं वावर दुसऱ्या बाजूला. मोजणीच्या कागदावर ०.४२ हेक्टर गेले एवढंच दिसतं, उरलेल्या दीड हेक्टरचं काय झालं ते त्या कागदावर नसतं. हायवेच्या कायद्यात तुकडे पडल्याने होणारं नुकसान भरपाईत धरायची सोय आहे, पण ते मागायला तुकडे पडले हे नकाशावर आणि पंचनाम्यात आलं पाहिजे ना. पाइपलाइन विहिरीपासून कुठून कुठे जाते, बोअर कुठे आहे, हे सर्व्हे करणाऱ्याने विचारून लिहिलं तर येतं, नाही विचारलं तर नाही येत.

(समृद्धीसारखा एक्स्प्रेसवे आला की मात्र हा फरक पुसला जातो. १५० किलोमीटर वेगासाठी केलेला, सपाट भागात १२० मीटर रुंद पट्टा, दोन्ही बाजूला कुंपण, वाटेल तिथे चढता उतरता येत नाही. त्याची वळणं पण रेल्वेसारखी मोठी. शेतकऱ्याच्या बाजूने बघितलं तर ती रेल्वेच आहे, फक्त वर डांबर-काँक्रीट.)

संयुक्त मोजणीबद्दल, म्हणजे आम्ही आणि भूमि अभिलेख खातं मिळून करतो त्या मोजणीबद्दल, बोललं पाहिजे. इथे रेल्वे आणि हायवे दोन्हीवाले एकाच ठिकाणी अडकतात. आमच्याकडे सेंटरलाइनचे कोऑर्डिनेट, म्हणजे प्रत्येक बिंदूच्या जागेचे आकडे असतात, सेंटिमीटरमध्ये. भूमि अभिलेखच्या भूकरमापकाकडे असतो गट नकाशा आणि जुनं टिपण (शेताच्या मापांचा कच्चा नकाशा), जे इंग्रजांच्या काळात शंकू-साखळीने मोजलेलं. ती साखळी ३३ फुटांची, सोळा आण्यांची, आणि ३३ गुणिले ३३ म्हणजेच आपला १०८९ चौरस फुटांचा गुंठा. त्या लोकांनी त्या साधनांनी किती चांगलं काम केलंय हे ज्याने टिपण हातात घेऊन शेतात जुना दगड शोधलाय त्यालाच कळेल. पण नंतर वाटण्या झाल्या, एकत्रीकरण योजना आली, सर्व्हे नंबरचे गट झाले, बांध सरकले, दगड नांगरात निघाले. आता तो कागदी नकाशा आमच्या कोऑर्डिनेटवर ठेवला की कुठे पाच मीटर सरकतो कुठे पंधरा. हायवेचा ६० मीटरचा पट्टा असला की पाच मीटरची सरकासरक त्या मानाने पचते, जुना रस्ता पण जागेवर असतो, त्याच्यावरून नकाशा बसवता येतो. रेल्वे कोऱ्या शेतातून जाते, तिथे धरायला काही नसतं. मग तीन गावांच्या शिवा मिळतात तिथला दगड शोधायचा, गावातल्या म्हाताऱ्या माणसाला सोबत घ्यायचं, बाभळीत घुसायचं. असा एक दगड मिळाला की चार-पाच गट एकदम जागेवर बसतात. तो आनंद वेगळाच असतो.

कायदा पण वेगळा. हायवेला १९५६ चा कायदा, त्यात ३ए ची, म्हणजे जमीन घ्यायचा इरादा सांगणारी, अधिसूचना निघाल्यावर हरकतीला २१ दिवस, आणि वर्षाच्या आत ३डी, म्हणजे जमीन घेतल्याची घोषणा, निघाली नाही तर ३ए बाद. रेल्वेच्या कायद्यात २००८ ला २०ए आणि पुढची कलमं घातली, विशेष प्रकल्पांसाठी, तिथे हरकतीला ३० दिवस. भरपाई मोजायची पद्धत आता दोन्हीकडे २०१३ च्या भूसंपादन कायद्याची. हे २१ आणि ३० दिवस लक्षात ठेवा, बाकी वकील सांगेल.

नवीन तंत्र येतंय हे चांगलंच आहे. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनच्या ५०८ किलोमीटरसाठी विमानातून लायडार (लेझरने जमीन मोजणं) केलं, जमिनीवरून वर्षभर गेलं असतं ते काही आठवड्यात झालं. तिथे बहुतेक लाइन खांबांवर आहे म्हणून पट्टा साधारण साडेसतरा मीटरच, भराव नाही तर पायथा पसरत नाही. ड्रोन तर आता सगळीकडे. पण ड्रोन उभ्या तुरीच्या खालची जमीन दाखवत नाही, आणि पूर कुठपर्यंत आला होता हे तर कुठलंच मशीन दाखवत नाही. ते नाल्याकाठच्या घरातल्या माणसालाच विचारावं लागतं.

आणि पुराचाच विषय निघाला म्हणून ज्या गोष्टीसाठी मला सगळ्यात जास्त तळमळ वाटते ती लिहितो. रेल्वेखालचे भुयारी रस्ते, आपल्याकडे लोक त्यांना सरळ बोगदाच म्हणतात. नवीन लाइनवर आता फाटक ठेवत नाहीत, म्हणून गावाचा रस्ता रुळाखालून काढतात. भराव उंच असेल तिथे तो छान होतो. भराव कमी असेल तिथे रस्ता जमिनीत खोल खणतात, आणि मग पहिल्या पावसात तिथे तळं. शाळेची पोरं दप्तर डोक्यावर घेऊन जातात, बैल आत पाय टाकत नाही, कापसाने भरलेला ट्रॅक्टर अडकतो. हे टाळता येतं आणि ते सर्व्हेतच टाळता येतं. बोगद्याच्या तळाची लेव्हल आणि जवळच्या नाल्याच्या तळाची लेव्हल, हे दोन आकडे एकमेकांशेजारी लिहायचे. नाल्याचा तळ वर असेल तर पाणी आपोआप कधीच जाणार नाही, पंप लावावा लागेल, आणि पंप कोण चालवणार हे सगळ्यांना माहीत आहे. मग रस्ता दोनशे-चारशे मीटर सरकवून उंच भरावाखाली न्यायचा किंवा नालीची सोय आधी करायची. यासाठी नाल्याची लेव्हल खाली पाचशे मीटरपर्यंत घ्यावी लागते, अर्ध्या दिवसाचं काम. एका लाइनवर हे दोन आकडे शेजारी मांडून दिल्यावर एक भुयारी रस्ता ड्रॉइंगमध्येच सरकला होता. तो आज कोरडा आहे, मी पावसाळ्यात मुद्दाम जाऊन बघून आलो.

तर तुमच्या गावात मोजणीची नोटीस आली असेल तर एवढं करा. रेल्वे असेल तर आपल्या गटाचा चेनेज, म्हणजे लाइनच्या सुरुवातीपासूनचं अंतर, विचारा आणि त्या चेनेजला भराव किती, कटिंग (खोदाई) किती ते एल-सेक्शनवर दाखवायला सांगा, दोन मिनिटांचं काम आहे. हायवे असेल तर सेंटरलाइन कुठे धरलीय आणि सर्व्हिस रोड आहे का ते विचारा. मोजणीच्या दिवशी स्वतः हजर राहा, मुंबई-पुण्याला असाल तर भावाला किंवा पोराला पाठवा. विहीर, बोअर, पाइपलाइन, सागवान, गोठा, जे ७/१२ वर नसेल ते पंचनाम्यात लिहून घ्या आणि सही करायच्या आधी वाचा, पटलं नाही तर त्याच कागदावर हरकत लिहा. आणि गट नकाशात तुमच्या गावाची पाणंद किंवा शिवरस्ता लाइनला कुठे कापतो ते सगळ्यांनी मिळून आधीच बघून ठेवा, ग्रामसभेचा ठराव करून नकाशासकट द्या, कारण बोगद्याच्या जागा फायनल लोकेशन सर्व्हेतच धरल्या जातात. एकदा भराव पडला की ती जागा बदलायला कुणाच्याच हातात काही राहत नाही.